कंटेनर बंदरातली सुरक्षितता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान लॅशर (जहाजावर कंटेनर बांधणारे-सोडणारे कामगार), सिग्नलमन, क्रेनचालक, चेकर, रीफर (थंड मालाचे वीजेवर चालणारे कंटेनर) टेक्निशियन, ट्रेलरचालक आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या मुकादम-फोरमनसाठी आहे. प्रत्येक टर्मिनलचे स्वतःचे लेखी नियम असतात. इथल्या माहितीत आणि त्या नियमांत फरक आढळला, तर दोन्हींपैकी जो कडक असेल तो पाळा.

## कंटेनर बंदरात माणसं मुख्यतः कशाने दगावतात?

कारणं मोजकीच आहेत आणि वर्षानुवर्षं तीच आहेत. चालत्या वाहनाखाली किंवा यंत्राखाली येणं. कंटेनरच्या माथ्यावरून, लॅशिंग ब्रिजवरून (कंटेनर बांधायला उभं राहायचा उंच लोखंडी मचाण) किंवा उघड्या हॅचच्या (जहाजाच्या मालखान्याचं तोंड) कडेवरून पडणं. वरून ट्विस्टलॉक (कंटेनर एकमेकांना अडकवणारं कुलूप), कंटेनर बांधायचा रॉड किंवा क्वचित अख्खा कंटेनर अंगावर येणं. कंटेनर आणि दुसऱ्या कुठल्यातरी लोखंडाच्या मध्ये चिरडणं. बंद जागेतला वायू. शिवाय धक्क्यावरून पाण्यात पडणं, विजेचा झटका आणि ताणलेला दोर तुटून बसणारा फटकारा.

किरकोळ दुखापतींची यादी वेगळी असते: बोट चेंगरणं, घोटा मुरगळणं, कंबर धरणं, डोळ्यात गंज जाणं. या दोन याद्यांची गल्लत फार होते. हातमोजे बदलल्यावर बोटांच्या दुखापती निम्म्यावर येतील, पण म्हणून कोणी ट्रेलरखाली येण्याची शक्यता तसूभरही कमी होत नाही. त्यासाठी रस्त्यांची आखणीच बदलावी लागते. मासिक अहवालातला आलेख खाली आला म्हणून खूश होण्याआधी तो कुठल्या यादीचा आहे ते बघा.

## सुरक्षा संस्कृती चांगली आहे की नाही, हे ओळखायचं कसं?

पोस्टर, शपथ आणि सुरक्षा सप्ताह यांवरून कळत नाही. जहाज सहा तास उशिरा लागलंय, दोन क्रेन मागे पडल्यात आणि भरती चुकायची वेळ आलीय, अशा वेळी धक्क्यावर अर्धा तास उभं राहिलं की कळतं. तेव्हा एवढं बघा:

- क्रेन चालू असलेल्या बेच्या (जहाजावरच्या कंटेनरांची आडवी रांग) आसपास लॅशर रेंगाळतात का?
- मुकादम स्वतः हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा लावतो का?
- वॉकीटॉकीची बॅटरी पाळीभर टिकते का, की दोन गँग एकाच चॅनेलवर एकमेकांवर ओरडत असतात?
- काढलेले ट्विस्टलॉक डब्यात आहेत की डेकभर पसरलेत?
- बाहेरून आलेल्या ट्रकचालकाला कुठे थांबायचं हे कोणी सांगतं का?

मग ऑफिसात जाऊन एकच प्रश्न विचारा: गेल्या महिन्यात सुरक्षिततेच्या कारणावरून काम किती वेळा थांबलं? ‘एकदाही नाही’ असं उत्तर आलं, तर सगळं सुरळीत चाललंय असं समजू नका. रोज शेकडो कंटेनर हलवणाऱ्या धक्क्यावर थांबण्याजोगं काहीच घडत नाही, हे पटण्यासारखं नाही. थांबवायची सोय नाही, किंवा थांबवलं तरी त्याची नोंद होत नाही.

## काम थांबवायचा अधिकार सगळ्यांना आहे म्हणतात. मग कोणी वापरत का नाही?

कारण तो कागदावर मिळतो आणि पगारात कापला जातो. तासाला किती कंटेनर हलले यावर गँगचा बोनस ठरत असेल, तर क्रेन थांबवणारा माणूस सगळ्या गँगच्या खिशात हात घालतो. कंत्राटी कामगाराची भीती याहून साधी असते: उद्या बोलावलंच नाही तर? त्याला अधिकारपत्र दाखवून काही उपयोग होत नाही.

खरा अडथळा बहुतेक वेळा विलंबाच्या नोंदवहीत सापडतो. क्रेन थांबली की टर्मिनल कारणाचा कोड टाकतं: क्रेन नादुरुस्त, ट्रेलर नाही, जहाजाकडून उशीर, गँगकडून उशीर. सुरक्षिततेसाठी थांबवल्याचा वेगळा कोड नसेल तर तो वेळ ‘गँगकडून उशीर’ या खात्यात पडतो. कोड वेगळा ठेवा आणि तो वेळ बोनसच्या हिशेबातून वगळा. या एका बदलाने दहा भाषणांपेक्षा जास्त फरक पडतो.

बाकीची व्यवस्था अशी असावी:

१. थांबवण्याची खूण एकच आणि सगळ्यांना ठाऊक असलेली. क्रेनचालक एरवी फक्त नेमलेल्या सिग्नलमनचं ऐकतो, पण थांबण्याची खूण कोणीही केली तरी ऐकायची.
२. आधी थांबायचं, कारण नंतर विचारायचं. ‘का थांबवलं?’ हा पहिला प्रश्न रेडिओवरून रागाने आला, तर पुढच्या वेळी कोणी हात वर करत नाही.
३. पुन्हा सुरू करायचं ते ज्याने थांबवलं त्याच्याशी बोलून, त्याच्या डोक्यावरून नाही.
४. शंका खोटी निघाली तरी त्याला ऐकवायचं नाही. दहापैकी आठ शंका खोट्या निघणारच.

## पाळीच्या सुरुवातीच्या बैठकीत काय बोलायचं?

पाच ते दहा मिनिटं पुरतात, पण त्यात आजच्या जहाजाबद्दल बोललं पाहिजे. ‘हेल्मेट घाला, काळजी घ्या’ एवढंच बोलणार असाल तर बैठक न घेतलेली बरी; लोक कान बंद करायला शिकतात.

सांगण्यासारखं असतं ते हे: कोणत्या बेवर कोणती क्रेन आणि ती कुठल्या दिशेने सरकणार, लॅशिंग कुठून सोडायला सुरुवात करायची, धोकादायक मालाचे कंटेनर नेमके कुठे आहेत, हॅच कव्हर कधी उघडणार आणि धक्क्यावर कुठे ठेवणार, सिग्नलमन कोण, चॅनेल कोणता, वाऱ्याचा अंदाज, आज नवीन माणूस कोण आणि तो कोणाबरोबर राहणार. आधीच्या पाळीने काय मोडकं सोडलंय, हे सर्वांत महत्त्वाचं आणि नेमकं तेच राहतं. सतराव्या बेच्या लॅशिंग ब्रिजचा कठडा तुटलाय ही माहिती जाणाऱ्या मुकादमाच्या डोक्यातच घरी जाते. पाळीबदलाच्या वेळी दोन्ही मुकादमांनी समोरासमोर, लेखी यादी हातात घेऊन पाच मिनिटं बोलायलाच हवं.

## लॅशिंग सोडताना आणि लावताना काय चुकतं?

लांब लॅशिंग रॉड साधारण साडेचार-पाच मीटरचा आणि पंधरा किलोच्या वर असतो. तो खालून धरून, वरचं टोक कंटेनरच्या कोपऱ्यातल्या भोकात बसवायचं किंवा काढायचं, तेही बहुधा अरुंद जागेत आणि बुटाखाली ग्रीस असताना.

सोडताना क्रम असा: आधी टर्नबकल (रॉडचा ताण कमी-जास्त करणारा खालचा स्क्रू) सैल करा, पण पूर्ण उलगडू नका. एकाने रॉड दोन्ही हातांनी पेलून धरला की मगच दुसऱ्याने टर्नबकल मोकळा करायचा. मग वरचं टोक काढून रॉड स्वतःच्या बाजूला न झुकवता सरळ खाली घ्यायचा आणि रॅकमध्ये ठेवायचा. लांब रॉड एकट्याने काढायचा नाही. घाईत माणसं टर्नबकल पूर्ण सोडून मोकळी होतात, रॉड लोंबकळत राहतो, आणि शेजारच्या कंटेनरला क्रेनचा जरासा हिसका बसला की तो निसटून खाली येतो.

लावताना उलटी चूक होते. टर्नबकलच्या दांड्याला पाइप अडकवून तो जास्तीत जास्त आवळला जातो. ‘घट्ट म्हणजे सुरक्षित’ हा गैरसमज आहे. समुद्रात जहाज डोलताना रॉडवर आणखी ताण येतो. आधीच ताणलेला रॉड तो सहन करू शकत नाही. शिवाय पाइप निसटला की आवळणारा माणूस मागे फेकला जातो.

अंतराचा नियम: ज्या बेवर क्रेन काम करतेय तिथे लॅशर नको, आणि मध्ये निदान एक चाळीस फुटी बे मोकळा असावा. उचललेला कंटेनर लोलकासारखा झुलतो आणि त्याखालून निसटलेली वस्तू सरळ खाली पडत नाही, म्हणून ‘मी तर बाजूला होतो’ हा युक्तिवाद टिकत नाही.

जागा कशी असावी हेही ठरलेलं आहे. जहाजावरच्या मालाच्या बांधणीबद्दलच्या आंतरराष्ट्रीय संहितेचं १४वं परिशिष्ट लॅशिंगची जागा, कठडे, शिड्या आणि उजेड यांविषयी आहे. ते १ जानेवारी २०१५ नंतर कील घातलेल्या, म्हणजे बांधणी सुरू झालेल्या कंटेनर जहाजांना लागू होतं. जुन्या जहाजांवर तशी रचना नसणार हे गृहीत धरून आधी पाहणी करा. उजेडाचं बंदरांत सर्वसाधारणपणे मानलेलं किमान माप म्हणजे जाण्यायेण्याच्या वाटेवर १० लक्स आणि प्रत्यक्ष कामाच्या जागी ५० लक्स. लक्समीटर स्वस्त असतो. ‘अंधार आहे’ अशी तक्रार करण्यापेक्षा आकडा सांगितला की फोरमनला लवकर हलावं लागतं.

## कंटेनरच्या माथ्यावर चढायला हरकत काय? हार्नेस असतो की.

चढावं लागू नये हेच पहिलं उत्तर. सेमी-ऑटोमॅटिक ट्विस्टलॉक आल्यापासून माथ्यावर जायचं काम खूप कमी झालंय. लॉक खालूनच लांब काठीने उघडता येतो. तरी कधी लॉक अडकतो, कधी वेडावाकडा कंटेनर साखळीने उचलावा लागतो.

हार्नेसबद्दल गणित समजून घ्या. दोन मीटरची दोरी, झटका शोषणारी पट्टी उलगडून आणखी पावणेदोन मीटर, हार्नेसच्या कडीपासून पायांपर्यंत दीड मीटर आणि एक मीटर राखीव. मिळून झाले सव्वासहा मीटर. एक साधा कंटेनर २.५९ मीटर उंच. म्हणजे दोन कंटेनरांच्या थप्पीवर पायाशी दोरी अडकवून काम करणारा माणूस पडला, तर दोरी पूर्ण ताणली जाण्याआधीच तो जमिनीवर असेल. कमी उंचीवर अशी दोरी लावा जी तुम्हाला कडेपर्यंत पोहोचूच देणार नाही, किंवा पडताक्षणी अडकणारा आखडता पट्टा वापरा.

माथ्यावर जायचं ते स्प्रेडरला (क्रेनला टांगलेली, कंटेनर पकडणारी चौकट) लावलेल्या माणसांच्या पिंजऱ्यातूनच. दाराच्या उभ्या दांड्यांना धरून चढणं पूर्ण बंद. दव पडलेला किंवा पावसाने भिजलेला माथा बर्फासारखा निसरडा असतो. आणि हार्नेसमध्ये लटकलेल्या माणसाला खाली कसं आणणार, कोण आणणार, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरलेलं हवं. लटकत राहिल्याने पायांत रक्त साचून माणूस काही मिनिटांतच बेशुद्ध होऊ शकतो. बाहेरून अग्निशमन दल येईपर्यंत थांबण्याइतका वेळ नसतो.

## क्रेनखाली कोन (म्हणजे कंटेनरच्या कोपऱ्यातले ट्विस्टलॉक) काढण्या-घालण्याचं काम सुरक्षित कसं करायचं?

एका ट्विस्टलॉकचं वजन पाच-सात किलो असतं. सहा किलोचा लॉक २५ मीटरवरून सुटला तर खाली येईपर्यंत त्याचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या घरात जातो. युरोपीय मानक ईएन ३९७ नुसार औद्योगिक हेल्मेटची चाचणी पाच किलोचं वजन एक मीटरवरून टाकून घेतात. पडणाऱ्या लॉकची ऊर्जा त्याच्या तीसपट भरते. हेल्मेट इथे वाचवणार नाही. खाली नसणं हाच उपाय.

म्हणून चांगल्या टर्मिनलांत हे काम क्रेनच्या पायांमधल्या गाडीरस्त्यावर न करता बाजूच्या ठरावीक थांब्यावर करतात, जिथे ट्रेलरचालकाला लाल-हिरवा दिवा असतो आणि कामगाराला लोखंडी आडोसा. तशी सोय नसेल तर किमान एवढं: कंटेनर जमिनीपासून कमरेइतका वर पूर्ण स्थिर झाल्याशिवाय जवळ जायचं नाही; बाजूने हात घालायचा, खालून नाही; चारही कोन झाल्यावर कामगार ठरलेल्या खुणेच्या रेषेबाहेर येऊन इशारा देतो, तोवर क्रेन हलायची नाही.

डावीकडे फिरवून बंद होणारे आणि उजवीकडे फिरवून बंद होणारे लॉक एकाच डब्यात मिसळलेले असणं हा छुपा धोका आहे. दांडीच्या दिशेवरून लॉक बंद आहे की उघडा हे डेकवर ओळखतात. मिश्रण झालं की ती ओळखच खोटी ठरते. मग उघडा समजलेला लॉक बंद असतो, आणि क्रेन एक कंटेनर उचलताना खालचाही ओढते. असे लॉक दिसले तर ते वेगळे काढून जहाजाच्या अधिकाऱ्याला कळवा.

## यार्डात पायी चालायला एवढी सक्त मनाई का?

कारण चालकाला तुम्ही दिसत नाही. आरटीजीचा (रबरी चाकांवर फिरणारी यार्डातली उंच क्रेन) चालक जमिनीपासून वीसेक मीटर वर बसून खाली स्प्रेडरकडे बघत असतो. रीच स्टॅकरवर (लांब हाताने कंटेनर उचलणारी गाडी) पुढे कंटेनर असतो आणि मागे इंजिनाचा डोंगर. स्ट्रॅडल कॅरिअरच्या (कंटेनर स्वतःच्या पायांमध्ये धरून नेणारं उंच यंत्र) चालकाला स्वतःच्या चाकाशेजारचा माणूस दिसत नाही.

ताशी ३० किलोमीटरने जाणाऱ्या ट्रेलरचा चालक माणूस पाहून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी साडेबारा मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे चाळीस फुटी कंटेनरच्या लांबीहून जास्त. ब्रेक लागायला अजून सुरुवातही झालेली नाही. थप्प्यांच्या गल्लीतून माणूस अचानक बाहेर येतो तेव्हा एवढं अंतर मिळतच नाही.

चेकर, सर्व्हेअर, रीफर टेक्निशियन यांना आत जावंच लागतं. त्यांच्यासाठी दोन गोष्टी एकत्र हव्यात: नियंत्रण कक्षाने तो ब्लॉक संगणकात बंद करणं, आणि गल्लीच्या तोंडाशी प्रत्यक्ष अडथळा ठेवणं. फक्त रेडिओवर ‘मी आत आहे’ सांगून भागत नाही. पाळी बदलते, कक्षातला माणूस बदलतो, आणि ब्लॉकला नवं काम दिलं जातं. टक्कर टाळणारे सेन्सर जरूर बसवा, पण पाऊस, धूळ आणि चिखल यांनी ते आंधळे होतात. रोज पाळीच्या सुरुवातीला खांब किंवा पुतळा समोर ठेवून ते तपासा.

## रीफरचा प्लग लावताना कोणती काळजी घ्यायची?

तीन फेज, ३८० ते ४६० व्होल्ट, ३२ अँपिअर. आधी सॉकेटचा स्विच बंद, मग प्लग पूर्ण आत, मग कडी, मग स्विच सुरू. काढताना आधी रीफर यंत्राचा स्विच बंद, मग सॉकेटचा, मग प्लग. चालू भारावर प्लग ओढला की ठिणगीचा झोत थेट हातावर येतो. लावण्यापूर्वी पिना काळ्या पडल्यात का, केबलला काप आहे का, आत पाणी आहे का ते पाहा. शंका असेल तर लावू नका, दुसरा सॉकेट घ्या.

क्रेनने केबलसकट कंटेनर उचलणं हा नेहमीचा अपघात. ‘केबल काढली’ हे टेक्निशियनने सांगितल्यावर संगणकात नोंद होते, क्रेनचालकाला वरून केबल दिसत नाही. म्हणून आधी नोंद आणि मग प्लग, अशी घाई कधीच करू नका.

## बाहेरच्या ट्रकचालकांचं काय करायचं?

बंदरातल्या कामगारांना प्रशिक्षण मिळतं, चालकाला मात्र गेटवर फक्त पावती मिळते. त्याची भाषा वेगळी असू शकते, तो रात्रभर गाडी चालवून आलेला असतो, आणि त्याला कंटेनर घेऊन लवकर निघायचं असतं. गेटवर मोठ्या चित्रांची पाटी आणि एका मिनिटाची तोंडी सूचना द्या.

त्याच्या बाबतीतला ठरलेला अपघात म्हणजे ट्रेलरचा एखादा लॉक उघडायचा राहतो, आरटीजी कंटेनर उचलते आणि त्याबरोबर गाडीही वर जाते. मग एक कोपरा सुटतो आणि गाडी आपटते. उपाय जुना आणि फुकट आहे: कंटेनर वीत-दीड वीत उचलून थांबायचं, चाकं जमिनीला टेकलेली आहेत हे पाहायचं, मगच पुढे. लॉक उघडायची जागा ब्लॉकच्या बाहेर ठेवा, म्हणजे चालकाला यंत्राखाली उतरावं लागत नाही. उचलताना चालकाने केबिनमध्ये बसायचं की समोरच्या आखलेल्या चौकटीत उभं राहायचं, याबद्दल टर्मिनलागणिक नियम वेगळे असतात. कोणताही ठेवा, पण एकाच टर्मिनलात दोन नकोत.

## कंटेनरचं जाहीर केलेलं वजन खरं मानावं का?

१ जुलै २०१६ पासून समुद्री सुरक्षेच्या सोलास करारानुसार तपासलेलं वजन दिल्याशिवाय भरलेला कंटेनर जहाजावर चढवता येत नाही. त्याने फरक पडला. पण एकूण वजन बरोबर असलं तरी आत ते कसं पसरलंय हे त्या आकड्यात दिसत नाही. सगळा भार एका टोकाला असलेला कंटेनर उचलताच तिरका होतो. तसं दिसलं की खाली ठेवा आणि कळवा. ‘एवढा तर नेतो’ म्हणू नका.

रीच स्टॅकरवर याचा थेट परिणाम होतो. मोठं यंत्र पहिल्या ओळीत ४५ टन उचलतं, पण हात लांब करून दुसऱ्या ओळीत गेलं की क्षमता तीसेक टनांवर येते आणि तिसऱ्या ओळीत पंधरा-सोळावर. भार मर्यादेचा इशारा वाजत असताना चावीने तो बंद करून काम करणं म्हणजे यंत्र पुढे कलंडण्याची वाट बघणं.

## कंटेनरचं दार उघडताना इतकी सावधगिरी कशासाठी?

आत फॉस्फिन किंवा मिथाइल ब्रोमाइडसारखं कीडनाशक वायूरूपात असू शकतं. बाहेर धुरीकरणाची चिठ्ठी नाही म्हणजे वायू नाही असं नव्हे. चिठ्ठ्या फाटतात, कधी लावल्याच जात नाहीत. वासावर विसंबू नका. लाकूड, भंगार लोखंड, काही धान्यं हवेतला ऑक्सिजन शोषून घेतात. बाहेरच्या हवेत तो २०.९ टक्के असतो. मापकाचा इशारा साधारणपणे १९.५ वर ठेवलेला असतो.

क्रम: दाराच्या रबरी पट्टीतून नळी घालून मापन, दोन्ही दारांच्या दांड्यांभोवती पट्टा बांधून आधी उजवं दार थोडंच उघडणं, कारण आतला माल दाराला रेललेला असू शकतो, दोन्ही दारं उघडून हवा खेळू देणं, पुन्हा मापन. किती वेळ थांबायचं हे घड्याळ नाही, मापक ठरवतं. आत माणूस कोसळलेला दिसला तर मागोमाग आत जाऊ नका. बंद जागेत एकामागून एक जाणारे मदतनीस मरतात. श्वसनयंत्र घातलेल्या पथकाशिवाय कोणी आत जायचं नाही, कितीही जिवाभावाचा माणूस असला तरी.

## धूर किंवा गळती दिसली तर?

कंटेनरचा क्रमांक आणि चारही बाजूंना लावलेल्या, किमान २५ सेंटिमीटरच्या चौकोनी फलकावरचा चार अंकी यूएन क्रमांक (धोकादायक माल कोणता हे सांगणारा) लांबून वाचा. वाऱ्याच्या उलट दिशेला, म्हणजे वारा तुमच्याकडून आगीकडे जाईल अशा बाजूला सरका. दार उघडू नका. स्वतःच्या मनाने पाणी मारू नका; काही रसायनं पाण्याने अधिकच भडकतात.

१२ ऑगस्ट २०१५ रोजी चीनच्या तिआनजिन बंदरात वाळलेल्या नायट्रोसेल्युलोजने पेट घेतला आणि पुढे अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. १६५ जण मेले, ८ बेपत्ता झाले आणि त्यांत अग्निशमन दलाची माणसं मोठ्या संख्येने होती. जून २०२२ मध्ये बांगलादेशातल्या सीताकुंड इथल्या कंटेनर डेपोत हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. आग विझवणारे पोहोचल्यानंतर स्फोट झाला. दोन्ही ठिकाणांवरून एकच काम हाती घेण्यासारखं आहे: कोणत्या कंटेनरात काय आहे ही यादी गेटवर छापील स्वरूपात, पाळीगणिक ताजी, आणि आग विझवणाऱ्यांच्या हातात पहिल्या पाच मिनिटांत. वीज गेली की संगणकातल्या यादीचा उपयोग नाही.

## वारा किती झाला की क्रेन थांबवायची?

क्रेन बनवणाऱ्याने दिलेली मर्यादा पाळायची; धक्क्यावरच्या क्रेनसाठी ती बऱ्याचदा सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटरच्या आसपास असते. माणसांचा पिंजरा आणि रिकाम्या कंटेनरांची कामं त्याच्या बरीच आधी थांबवा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. सेकंदाला २० मीटरच्या वाऱ्यात चाळीस फुटी कंटेनरच्या लांब बाजूवर पाऊण टनाहून जास्त ढकल बसते, आणि रिकाम्या कंटेनरचं वजन जेमतेम पावणेचार टन.

क्रेन रुळांवर वाऱ्याने धावत सुटू नये म्हणून वादळी खिळे आणि बांधण्या असतात, पण ते रुळालगतच्या ठरावीक जागीच बसतात. क्रेन तिथवर नेऊन खिळे घालायला वेळ लागतो, आणि वारा चढल्यावर ती नेताच येत नाही. निर्णय अंदाज पाहून घ्यायचा, वेगमापक लाल झाल्यावर नव्हे. महिन्यातून एकदा शांत हवेत खिळे घालून बघा. बरेचदा खाचेत माती आणि गंज भरलेला निघतो.

## ‘थोडक्यात वाचलो’ अशा घटना लोक का नोंदवत नाहीत?

फॉर्म चार पानी असतो, तो इंग्रजीत असतो, आणि भरल्यावर पहिली चौकशी भरणाऱ्याचीच होते. शिवाय ‘अपघातविरहित दिवस’ मोजणारा फलक गेटवर असतो. तो आकडा शून्यावर आणणारा कोणाला आवडेल? असे फलक काढून टाकावेत असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यांवर बक्षीस लावणं तर त्याहून वाईट, कारण मग मोडलेलं बोटही गँग मिळून लपवते.

चालणारी पद्धत साधी आहे. फोनवर आवाजी निरोप चालतो. पाचच गोष्टी: कुठे, केव्हा, काय घडलं, काय घडू शकलं असतं, आत्ता ती जागा सुरक्षित आहे का. आठवड्याच्या आत उत्तर, ‘काही करता येणार नाही, कारण असं’ हे उत्तरसुद्धा चालतं. उत्तर न मिळालेली तिसरी नोंद ही बहुधा त्या माणसाची शेवटची नोंद असते.

दारू पिऊन यंत्र चालवणं किंवा मुद्दाम इंटरलॉक (धोका असताना यंत्र चालू न देणारी कळ) तोडणं यांवर कारवाई होणारच, हे आधीच सांगून ठेवा. नकळत झालेली चूक आणि जाणूनबुजून केलेली गोष्ट यांतली रेषा लेखी असली की बाकीचे मोकळेपणाने बोलतात.

## थकव्यावर उपाय काय?

पहाटे तीन ते पाच हा सर्वांत वाईट काळ. क्रेनवर दोन चालक ठेवून दोन ते चार तासांनी बदली करा. मान खाली घालून पाहत राहण्याने डोळे आणि पाठ दोन्ही थकतात. सलग दोन पाळ्या करणाऱ्याला यंत्र देऊ नका, त्याची कितीही तयारी असली तरी. उन्हात लोखंडी डेकवर काम असेल तर सावली आणि पाणी कामाच्या जागी हवं, कँटीनमध्ये नाही.

## क्रेन आणि उचलण्याची साधनं किती दिवसांनी तपासायची?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७९ सालच्या १५२ क्रमांकाच्या करारानुसार, प्रत्येक उचलयंत्राची आणि त्याच्या सुट्या साधनांची सक्षम व्यक्तीकडून किमान बारा महिन्यांतून एकदा सखोल तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालं पाहिजे. सुटी साधनं वापरण्यापूर्वीही पाहायची असतात. साखळी, शॅकल, दोर यांवर क्षमतेची खूण वाचता येत नसेल, तर ते साधन बाद समजा.

## अपघात झालाच तर पहिल्या तासात काय करायचं?

काम थांबवा, शेजारची क्रेनसुद्धा. जखमीला हलवण्यापूर्वी वरून आणखी काही पडणार नाही याची खात्री करा. उंचावर किंवा हॅचमध्ये असेल तर बचावाचा स्ट्रेचर आणि पिंजरा ठरलेल्या जागी आहे का, हे याच वेळी कळणं उशिराचं. म्हणून तीन महिन्यांतून एकदा रात्रपाळीतच सराव घ्या.

मग पुरावा जपा. यंत्र जसं आहे तसं राहू द्या, कळ दांड्यांना हात लावू नका, सुटलेला लॉक किंवा तुटलेला रॉड कोणाला ‘साफसफाईत’ उचलू देऊ नका. कॅमेऱ्यांचं चित्रण आणि क्रेनच्या संगणकातली नोंद काही दिवसांनी आपोआप पुसली जाते; त्याच पाळीत प्रत काढून घ्या.

साक्षी घेताना मुकादमाला आणि त्याच्या गँगला एकत्र बसवू नका. प्रत्येकाशी वेगळं बोला, कामगार प्रतिनिधी बरोबर असू द्या, आणि ‘तू का केलंस’ याऐवजी ‘त्या वेळी तुला काय दिसत होतं’ असं विचारा. गँगला त्या दिवशी पुन्हा त्याच बेवर पाठवू नका. क्रेन सुरू करायची परवानगी देणारा माणूस त्या जहाजाच्या वेळापत्रकाला जबाबदार असणारा नसावा.